कंचं पाणी

आबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एकच शब्द तेवढा मागं राहिला, पाणी. भूक लागली की पाणी. लघवीला लागली की पाणी. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्यानं लागला की पाणी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द तोंडाशी राहतो आणि बाकीचे सापडत नाहीत. मी म्हटलं, सापडतील सावकाश, आपल्याला काय घाई आहे. पण माणूस दिवसभर काहीतरी सांगू बघतोय आणि आपण नुसता त्याच्या तोंडाला ग्लास लावतोय, हे लई दिवस बघवत नाही.

मी त्यांची थोरली मुलगी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. धागा सुटलेला, डाग पडलेला टॉवेल बाजूला काढायचा, हे माझं काम. माझं नांदणं झालं नाही. पिशवी घेऊन मी माघारी आले तेव्हा अख्ख्या गावात एकट्या आबांनी मला 'का आलीस' म्हणून विचारलं नव्हतं. ओसरीवर बसले होते. म्हणाले, "आलीस व्हय? ये. हातपाय धू." त्यामुळं ते पडले तेव्हा मी भावाला सांगून टाकलं, आबा माझ्याकडं राहतील. भाऊ मोहोळच्या पलीकडं गावी शेती बघतो. त्याचं मन वाईट नाही, पण दवाखाना इथं जवळ, आणि खरं सांगायचं तर मला ते माझ्याकडंच हवे होते.

आता मी काही फार गोड मुलगी नव्हे. कारखान्यातल्या बायका मला माघारी मिरची म्हणतात, मला माहीत आहे. आबांवरही मी डाफरायचे. "पाणी म्हंजी काय ते नीट सांगा की आबा," असं म्हणायचे, जसं काही ते मुद्दाम सांगत नव्हते. मग ते डोळे मिटून घ्यायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्यांच्याजवळ येऊन बसायचे.

गावाहून त्यांना आणलं त्या दिवशी भावानं जीपमधून एक पोतं उतरवलं. त्यात आबांची धोतरं, घोंगडं आणि कुऱ्हाडीचं नुसतं पातं. "दांडा वाळवीनं खाल्ला," भाऊ म्हणाला. "भंगारात देनार हुतो, पन म्हातारा जीपमदी बसंना. सारकं गोट्याकडं बोट. शेवटी पोत्यात टाकली तवा बसला."

ही कुऱ्हाड म्हणजे कोण, हे सांगायला हवं. गावात कुणी गेलं की पहिली हाक आबांना यायची. सरणाला लाकूड तोडायचं काम त्यांचं. कुणी नेमलं नव्हतं, तशी काही रीतही नव्हती. त्यांच्या कुऱ्हाडीला धार असायची आणि किती लाकूड लागेल याचा त्यांना अंदाज होता, एवढंच. शेतातलं काम टाकून जायचे. आल्यावर हौदावर कुऱ्हाड धुवायचे, आणि त्या दिवशी ती घरात आणायचे नाहीत. दिवस मावळेपर्यंत बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचे. आम्हा पोरींना तिला हात लावायची मुभा नव्हती. चुकून ओलांडली तर आई परत उलटी ओलांडायला लावायची. पुढं वखारीतून टेम्पोनं लाकूड यायला लागलं, मशीननं कापलेलं, आणि आबांना हाक येईनाशी झाली. तेव्हा एकदा जेवताना ते भावाला आणि मला म्हणाले होते, "माज्या टायमाला वखारीचं आना, न्हाई म्हनत न्हाई. पन येक फाटा आपल्या बांदावरच्या बाभळीचा तोडा. ह्याच कुराडीनं." आम्ही हसलो होतो. "अजून लई टाइम हाय तुमाला," असं भाऊ म्हणाला होता.

म्हणून ते पातं मांडीवर घेऊन बसायला लागले तेव्हा मला विचारावं लागलं नाही. त्यांना ती तयार हवी होती. डावा अंगठा धारेवरून फिरवायचे, माझ्याकडं बघायचे. मी रोज म्हणायचे, घालू दांडा, सुट्टी येऊ द्या. दवाखान्यातनं हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी पलंगाखाली टाकून दिला होता. पातं मात्र उशाशी लागायचं.

सुट्टीच्या दिवशी मी आबांना खुर्चीत घालून मागच्या अंगणात आणलं. माझ्याकडं आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, लाकूड फोडायचं काम नेहमीचंच. कुऱ्हाडीला जिथं दांडा बसतो त्या भोकाला नेढं म्हणतात. नेढ्यात जुन्या दांड्याचा तुकडा अडकून बसला होता, वर लोखंडी पाचर गंजलेली. छिन्नी लावून बघितली, खिळा ठोकून बघितला. तुकडा जागचा हलेना. मग मला वाटलं, कशाला झटापट करायची, जाळून टाकू. चुलीत विस्तव चांगला फुलला होता. पातं अख्खंच्या अख्खं निखाऱ्यात खुपसलं.

"पाणी," आबा म्हणाले.

मी ग्लास आणून दिला. त्यांनी डाव्या हातानं तो उडवला. "पाणी. पाणी." मी म्हटलं, "आत्ता दिलेलं सांडलं की तुमी." पातं लालबुंद होत चाललं होतं, नेढ्यातनं जाळ निघत होता, आणि आबा खुर्चीतून उठायला बघत होते. एका अंगानं उठले आणि चुलीच्या बाजूलाच कलंडले. मी त्यांना कसंबसं धरून परत खुर्चीत बसवलं. तोंडानं पाणी, पाणी चालूच. मला वाटलं, जाळाला घाबरले. म्हातारं माणूस, हलता येत नाही, समोर जाळ, तर ते म्हणणारच की पाणी ओत. शेजारी आंघोळीची बादली भरलेली होती. उचलली आणि चुलीवर पालथी केली.

राख उडाली, वाफ उडाली, माझी साडी भरली. चुलीत चिखल झाला आणि त्यात काळं पातं. आबा गप्प झाले. डावा हात कपाळावर ठेवून तसेच बसून राहिले. माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "घ्या, वतलं पाणी. आता बरं वाटलं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

नेढं मात्र मोकळं झालं होतं. बाजारातून तयार दांडा आणला, ठोकून बसवला, पाचर मारली. दगडावर घासून धार लावायला गेले तर दगड सटकायचा, धारेला लागतच नव्हता. मी म्हटलं, जुनं लोखंड, चिवट असेल. आबांच्या समोर बाभळीचा एक ओंडका उभा केला आणि पहिला घाव घातला. टिंग असा आवाज झाला आणि माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं. धारेचा नखाएवढा तुकडा उडाला होता.

आबा रडले. लकव्यानंतर माणसं लवकर रडतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे तसलं रडणं नव्हतं. मी कुऱ्हाड त्यांच्यापुढं धरली. जिथं तुकडा गेला होता तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर धरून म्हणाले, "पाणी." मला एवढं तरी कळलं की ते काही मागत नव्हते. मागतानाचा सूर असा नसतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात टॉवेल उलटेपालटे करताना तो सूर माझ्या डोक्यातून जात नव्हता. डागाचे टॉवेल मी चांगल्यात टाकले, आणि माझ्या हाताखालच्या पोरीनं ते हसत हसत परत काढले.

त्या दिवसांत ऊसतोडीचे लोक रस्त्यानं जात होते. एमआयडीसीच्या वाटेवर लिंबाच्या झाडाखाली एक लोहार नवरा-बायको पाल टाकून उतरले होते. तोडकऱ्यांचे कोयते त्यांच्यापुढं ढिगानं पडलेले असायचे. मी म्हटलं, कुऱ्हाड त्यांना दाखवून येते. आबा कुऱ्हाड सोडायला तयार होईनात. शेवटी कुऱ्हाडीसकट त्यांना रिक्षात घातलं.

लोहारानं पातं हातात घेतलं, नखानं वाजवून ऐकलं आणि तुटक्या जागेकडं बघून म्हणाला, "ह्येला पाणी कुनी दिलं ओ?"

त्यानं पातं उजेडाकडं धरलं.

"लई पाणी झालंय. काचंवानी झालीय नुसती. तुकडा उडनारच की."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पाणी म्हंजी?"

लोहारीण भात्याचा पंखा फिरवत होती. तिला मी खुळीच वाटले असणार. "पाणी म्हंजी पाणी," ती म्हणाली. "लोखंडाला देत्यात ते, धार कडक व्हाया. तुमी कुटल्या गावच्या?"

हा शब्द मला नवा होता का? लहानपणापासून ऐकत होते. कोयत्याचं पाणी उतरलं, पाणी चढवून आणा, ह्याचं पाणी चांगलं आहे, हे आमच्या ओसरीवर रोजचं बोलणं. पण घरात आजारी माणूस खुर्चीत बसलं की पाणी म्हणजे ग्लासातलं, हे मी धरूनच चालले होते. मी पातं विस्तवात खुपसलं तेव्हा आबा सांगत होते की अगं, पाणी उतरतंय, धार तरी बाहेर ठेव. आणि मी तापल्या लोखंडावर गार पाण्याची बादली ओतली. उतरलेलं पाणी परत चढलं, ते नको तितकं चढलं. तुटक्या जागेवर बोट ठेवून तेच ते मला समजावत होते. त्यांचा शब्द पहिल्यापासून बरोबर होता. वाक्याचं बाकीचं तेवढं गळालं होतं.

लोहाराला मी झालेलं सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो माझ्याशी बोलायचं सोडून रिक्षाकडं गेला आणि आबांच्या पुढं उकिडवा बसला. "आबा, तुमच्या डोळ्यादेकत झालं व्हय?"

"पाणी," आबा म्हणाले.

"व्हय की. आदी उतरलं, मग लई चडलं."

"पाणी," आबा म्हणाले आणि मान हलवली.

"आता ते पाणी मोडून परत द्याया पायजे."

"पाणी."

असं त्यांचं चाललं. इकडून लोहार काहीबाही विचारायचा, तिकडून तो एकच शब्द जायचा, कधी लांब, कधी तुटक, आणि दोघांचं बरोबर जुळायचं. लकवा मारल्यापासून आबा कुणाशी असं बोलत बसलेले मी पाहिले नव्हते. रिक्षावाल्याला घाई झाली होती, तोही गाडी बंद करून ऐकत बसला.

आबांना आम्ही धरून भट्टीजवळ आणलं आणि कोयत्यांच्या पोत्यावर बसवलं. लोहारानं दांडा काढून पातं लाल केलं, लोहारणीनं पदर खोचून घण उचलला आणि दोघांनी मिळून धार पुढं ओढून काढली. तुटकी जागा नाहीशी झाली. मग घासली, मग परत तापवली, आणि धारेचा काठ तेवढा पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात बुडवून बाहेर काढला. विटेवर दोनदा घासून चकचकीत केला. मागच्या बाजूला ऊब शिल्लक होती, ती हळूहळू धारेकडं सरकायला लागली आणि लोखंडावर रंग दिसायला लागले. लोहारानं सांडशीत पातं डब्यावर धरलं आणि आबांना म्हणाला, "तुमची कुराड हाय. तुमीच सांगा."

आधी पिवळसर रंग आला, सुक्या कडब्यासारखा. मग तो तांबूस झाला. आबा पुढं वाकले. मला वाटलं, आता म्हणतील. म्हणाले नाहीत. तांबूस जाऊन काठाला जांभळी छटा यायला लागली. लोहारणीनं पंखा थांबवला होता. लोहाराचे डोळे एकदा पात्यावर, एकदा आबांवर. जांभळा रंग अगदी धारेच्या टोकाशी आला.

"पाणी," आबा म्हणाले.

सांडशी डब्यात गेली. चुर्र आवाज झाला आणि वाफ वर आली. लोहार म्हणाला, "बराबर हाय."

आबा अर्ध्या तोंडानं हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तो शब्द उच्चारला आणि त्यांना जे हवं होतं तेच झालं, दुसरं काही नाही. मी तिथंच भर रस्त्यावर रडले. कामावर जाणाऱ्या बायका सायकली थांबवून बघत होत्या. बघू देत, म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. आबा पाणी म्हणाले की आधी विचारायचं, "कंचं पाणी?" मग ते डाव्या हातानं दाखवायचे. ग्लास, नाहीतर मोरी, नाहीतर खिडकी, नाहीतर कोपऱ्यात उभी असलेली कुऱ्हाड. दर वेळी जमायचं असं नाही. कधी कधी चार गोष्टी दाखवूनही चुकायचं आणि दोघंही वैतागायचो. पण आता ते डोळे मिटून घेत नव्हते. माझ्यावर चिडायचे, आणि मला ते चिडणं आवडायचं.

बाजारचा दांडा त्यांनी परत बसवू दिला नाही. भावानं गावाहून बाभळीचा वाळलेला सरळ फाटा आणून दिला. मी तो गुडघ्यावर धरायचे आणि आबा डाव्या हातानं काचेच्या तुकड्यानं तासत बसायचे. काच ओढली की पातळ ढलपी निघायची. माझा हात हलला की बोटानं दांड्यावर टिकटिक करायचे, म्हणजे नीट धर. रबरी चेंडू टाकून देणारे आबा दुपारच्या दुपार ते करायचे. तासून झाल्यावर मी त्याला करडईचं तेल चोळलं, पाचर ठोकली, आणि त्यांनी ती ठोकलेली आपल्या अंगठ्यानं चाचपून बघितली. मग मला लाकूड फोडायला लावलं. मी फोडलं. ते धार बघायचे आणि मान हलवायचे. बाईमाणसानं कुऱ्हाडीला हात लावू नये हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, त्याबद्दल आता ते काही बोलले नाहीत, आणि मीही काढलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. भाऊ आला. आबा दिवसभर पडून होते, घशातून घरघर चालू होती. दुपारी कधीतरी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी." अगदी बारीक आवाजात. भाऊ लगेच ग्लास घ्यायला उठला. मी त्याला थांबवलं. आबांच्या तोंडाशी वाकले आणि विचारलं, "आबा, कंचं पाणी?"

त्यांनी आधी कोपऱ्यात बघितलं, कुऱ्हाडीकडं. मी म्हटलं, "हाय तितंच. तयार हाय. फाटा मी तोडते." मग त्यांची नजर सावकाश माझ्या हाताकडं आली, ग्लासाकडं. मी चमच्यानं पाजलं. दोन चमचे आत गेले, तिसरा ओठाच्या कडेनं ओघळला. तो मी पदरानं पुसला.

गावी नेलं तेव्हा वखारीचा टेम्पो आमच्या आधी पोचला होता. लाकूड मशीननं कापलेलं, सारख्या मापाचं. आमच्यात बायका मसणवाट्यात जात नाहीत. माणसं तयारीत होती तेवढ्यात मी कुऱ्हाड घेऊन बांधाकडं निघाले. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "बाईमानसानं कशाला? कुनी बी तोडंल की." भाऊ म्हणाला, "जाऊ द्या तिला. आबांचं आन तिचं ठरलंय."

बाभळीचा फाटा जुना होता, कडक. पहिला घाव घालताना मला भीती वाटली. कान त्या टिंगची वाट बघत होते. तो आवाज आला नाही. घाव आत गेला, ढलपा निघाला, साल लाल दिसली. घावामागून घाव घालत राहिले. दम लागला, हाताला फोड आले, पण कुणाला हात लावू दिला नाही. फाटा पडला तेव्हा भाऊ तो खांद्यावर घेऊन गेला. माझ्यापेक्षा लहान, पण त्या दिवशी म्हाताऱ्या माणसासारखा चालत होता.

मी बांधावर बसले आणि आबा फिरवायचे तसा धारेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंही तुकडा गेला नव्हता. आबांनी पाणी बरोबर सांगितलं होतं.

घरी येऊन कुऱ्हाड हौदावर धुतली. आत नेली नाही. बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि दिवस मावळेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.